‘व्यावसायिक आरोग्य’ की ‘व्यवसायजन्य’? आणि ‘धोका’, ‘जोखीम’ यांतील भेद

प्रश्न : कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवरील जागतिक संशोधनाविषयी लिहिताना ‘व्यावसायिक आरोग्य’ हा शब्द वापरला, तर काही वाचकांना तो दवाखान्यांच्या धंद्याविषयी वाटतो. ‘व्यवसायजन्य आरोग्य’ म्हणावे का? तसेच ‘धोका’ आणि ‘जोखीम’ समानार्थी मानावेत का?

उत्तर : ‘व्यवसायजन्य’ हे विशेषण रोगाला शोभते, आरोग्याला नाही, कारण ‘जन्य’ म्हणजे ‘-पासून उपजलेले’. कामाचा आरोग्यावर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या या विद्याशाखेचा आरंभ रोगांपासूनच झाला. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला त्याचे काम विचारण्याचा आग्रह धरला. इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. येथवर ‘व्यवसायजन्य रोग’ पुरेसा आहे. मात्र १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीने केलेल्या या शाखेच्या व्याख्येत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य आले, आणि पुढे रात्रपाळी, मानसिक ताण, कामावरील नियंत्रणाचा अभाव हेही अभ्यासविषय झाले. एवढा पसारा ‘जन्य’मध्ये मावत नाही. म्हणून शाखेसाठी ‘व्यावसायिक आरोग्य’ ठेवावे आणि पहिल्या उल्लेखातच अर्थ उलगडावा.

‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांची सरमिसळ मात्र टाळावी. अपाय करण्याची अंगभूत क्षमता म्हणजे धोका. प्रत्यक्ष परिस्थितीत अपाय होण्याची शक्यता व त्याची तीव्रता मिळून जोखीम. सिलिकायुक्त दगड कोरडा कापला काय किंवा पाणी सोडून कापला काय, धूळ फुप्फुसांत गेल्यास अपाय करण्याचा तिचा गुण तोच राहतो. पण पाण्यामुळे हवेतील धूळ कमी होते आणि जोखीम घटते. कोणते घटक कर्करोग घडवू शकतात याची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेची वर्गवारी धोक्याविषयी असते, जोखमीविषयी नव्हे; त्या वर्गवारीच्या बातम्यांत नेमका हाच घोळ होतो.

प्रतिसाद : भेद पटला, पण पहिल्या मुद्द्यावर मतभेद आहे. प्रत्येक लेखात अर्थ उलगडावा लागणारा शब्द सामान्य वाचकासाठी कशाला? ‘कामगार आरोग्य’मधून स्वयंरोजगार करणारे सुटतात आणि ‘कार्यस्थळ आरोग्य’मधून रस्त्यावर वाहन चालवणारे, हे मान्य. तरीही २०२२ मध्ये श्रम संघटनेने मूलभूत तत्त्वांत घातलेल्या हक्काला आपण सहजपणे ‘सुरक्षित व आरोग्यदायी कामाचे वातावरण’ म्हणतो. तेथे ‘व्यावसायिक’ची गरज भासत नाही. शाखेचे नाव पाठ्यपुस्तकात राहू द्यावे, लेखात ‘कामाचे आरोग्यावरील परिणाम’ असे लिहावे.