मलमाने न जाणारी बुरशी
त्वचेला बुरशी झाली की "बुरशीच ना, मलम लावा, जाईल" असं कुणी ना कुणी सांगतं, ते गजकर्णाला ठीक आहे. किडनी बदललेल्या माणसाला नाही. किडनी बदललेल्या आमच्या काकांच्या घोट्यावर सुपारीएवढी गाठ आली होती. दुखणं नाही, ताप नाही. चरबीची समजून काढली तर आत तपकिरी पू, आणि बायोप्सीत काळी बुरशी. (कोविडच्या वेळी जिला काळी बुरशी म्हणायचे ती म्युकर, ती वेगळी. हिच्या पेशीभित्तीत खरंच मेलॅनिन असतं.) काही महिन्यांपूर्वी तिथेच बाभळीचा काटा मोडला होता, हे काकांना तेव्हा आठवलं.

म्हणून सांगतो: गाठ काढताना एक तुकडा फॉर्मलिनमध्ये (बायोप्सीचा तुकडा टिकवायचं द्रावण) न टाकता सलाईनमध्ये कल्चरला पाठवायला सांगा. फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते, मग नेमकी कुठली ते उगवून बघता येत नाही. आमचा सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला. शिवाय इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं की टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) रक्तातली पातळी चढते, आणि ती फार चढली की किडनीला त्रास होतो. काकांचं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं तेव्हा आम्हाला कळलं. त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी किडनीवाल्यांना आम्ही दाखवलीच नव्हती.