अनुभव धागा : तुमच्या टेबलावर मल्टिक्लासिंगचे घरचे नियम कोणते?

मंडळी, सोयाबीन निघालं, कपाशीची पहिली वेचणी झाली की आमच्या गावात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कथा रचत खेळायच्या खेळाचे फासे परत बाहेर येतात आणि पहिल्याच रात्री मल्टिक्लासचा, म्हणजे एका कॅरेक्टरने आपल्या क्लासबरोबर (फायटर, विझार्ड अशा पेशाबरोबर) दुसराही घेण्याचा, वाद पेटतो. खेळाच्या २०१४ च्या पुस्तकात (पाचवी आवृत्ती) हा नियम ऐच्छिक आहे. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, हो म्हणेल तरच. जुन्या आणि नव्या, दोन्ही क्लासना लागणारे गुण (ताकद, बुद्धी वगैरे) किमान १३ हवेत. कथेत तो दुसरा क्लास आला कुठून, हे मात्र पुस्तक विचारत नाही. खेड्यात टेबल एकच असतं, पटलं नाही म्हणून दुसरीकडे जाता येत नाही. म्हणून विचारतो : तुम्ही काय ठरवलंत आणि का?

अचलपूरहून

आमच्याकडे गुरूचा नियम. नवा क्लास शिकवणारं कोणीतरी खेळात भेटलं पाहिजे आणि त्याने शिकवायला हो म्हटलं पाहिजे. आमच्या फायटरला (लढवय्याला) विझार्डची (जादूगाराची) एक लेव्हल, म्हणजे पायरी, हवी होती. इंटेलिजन्स १४, म्हणजे पुस्तकाप्रमाणे अडचण नव्हतीच. डीएमने गाविलगडावर बेतलेला एक पडका किल्ला नकाशात टाकला. तिथल्या तळ्याकाठी एक म्हातारी विद्वान बाई. ती फुकट शिकवेना. तिची हरवलेली पोथी शोधायला अख्खी पार्टी (खेळाडूंची टोळी) निघाली. क्लेरिकला (पुजाऱ्याला) त्यातून काहीच मिळणार नव्हतं, तरी सगळ्यात पुढे तोच! त्या एका लेव्हलसाठी सगळे लढले होते, त्यामुळे 'याला जास्त भेटलं' अशी कुरकुर पुढे कोणी केली नाही.

दारव्ह्याहून

भाऊ, गुरूचं चांगलंच हाय, पण आकड्याचंही पाहा लागते. फायटर, पॅलाडिन, रेंजर, बार्बेरियन यायले पाचव्या लेव्हलले एका पाळीत दोनदा वार करता येते. तिसऱ्या लेव्हललेच जो दुसऱ्या क्लासात जाते, त्याले ते उशिरा भेटते. बाकीचे दोन-दोन वार करून रायले अन् हा एकच मारून बसला, मंग नव्या पोट्ट्याचा जीव खट्टू होते. म्हणून माह्या टेबलावर नवख्याले पाचव्या लेव्हलपावतर दुसरा क्लास नाई. जुना गडी असन तर त्याची मर्जी.

दुसरं, चौथ्या लेव्हलले गुण वाढवाले भेटतेत, ते पुस्तकात त्या-त्या क्लासच्या लेव्हलवर. तीन लेव्हल रोगच्या (चोराच्या) अन् एक बार्डची (गायकाची) असन, तर काईच नाई. आमी एकूण लेव्हल धरतो. प्रोफिशिअन्सी बोनस (सरावाचा जादा गुण) एकूण लेव्हलवर चालते, मंग हे काऊन नाई?

चिखलीहून

एकच नियम : वॉरलॉक या जादूवाल्या क्लासच्या स्लॉटचे (जादू करायच्या ठरावीक संधींचे) सॉर्सरर या दुसऱ्या जादूवाल्या क्लासचे सॉर्सरी पॉइंट (जादूचे सुटे गुण) करता येणार नाहीत. ते स्लॉट छोट्या विश्रांतीतच परत येतात. सॉर्सरर ते मोडून नवे स्लॉट करत बसतो आणि मोठी झोप टाळली की साठा वाढतच जातो. बाकी सगळं पुस्तकाप्रमाणे.

वडशाहून

आमच्या टेबलावरच्या दोन पोरी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतात. दिवाळी झाली की होळीपर्यंत त्यांच्या रात्री मंडपात जातात. कॅम्पेन (चालू असलेली कथा) थांबत नाही, पण त्यांची कॅरेक्टर मागे पडावीत हे मला डीएम म्हणून सहन होईना. म्हणून ठरवलं : परत आल्यावर पार्टीएवढीच लेव्हल मिळेल, आणि मधल्या काळातली लेव्हल दुसऱ्या क्लासची घ्यायची मुभा. अट अशी, की त्या काळात कॅरेक्टर कुठे होतं ते सगळ्यांसमोर सांगायचं. गेल्या हंगामानंतर एकीची रेंजर बार्डची लेव्हल घेऊन परतली. ती फिरत्या नाटक मंडळीची वाट राखत जंगलातून गेली होती, म्हणे. सांगताना तिने त्या मंडळीच्या मालकाचा आवाज असा काढला की तो माणूस आता आमच्या कथेत कायमचा आहे. बार्डला लागणारा करिष्मा १३ होता का, हे मी तपासलं. होता.

हिंगणघाटहून

माझं मत वेगळं आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दोन क्लासच्या लेव्हलमध्ये एकाहून जास्त फरक पडला, की अनुभवाचे २० टक्के गुण कापले जायचे. पसंतीच्या क्लासला तेवढी सूट. पाचव्या आवृत्तीत ती शिक्षा नाही. क्लास उशिरा वाढतो, वरचे स्पेल (मंत्र) उशिरा येतात, हीच किंमत पुरेशी आहे. २०२३ पासून मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतो, मल्टिक्लासिंगचं प्रकरण त्यात आहे. तालुक्याच्या झेरॉक्सवर त्याच्या प्रती काढून आम्ही प्रत्येकाला दिल्या आणि घरचे नियम बंद केले. दारव्ह्याच्या भाऊंचा एकूण लेव्हलचा नियम तेवढा पटतो. भाऊ, एक सांगा : फायटरला सहाव्या लेव्हलला जी जादा गुणवाढ मिळते, ती तुम्ही कशी धरता?