नागपूरच्या हिस्लॉपचा पानाफळांच्या जीवाश्मांचा संग्रह कुठे गेला?

कन्हानकाठ:
बाबा कामठीला शाळामास्तर होते. ते गेल्यावर कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत पंधरा-वीस दगड, बहुतेकांवर जिभेसारख्या पानांचे ठसे, मधोमध ठळक शीर. प्रत्येक दगड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. एकाच चिठ्ठीवर बाबांचं अक्षर: ‘सिलेवाडा. हिस्लॉपची जागा.’ मला हिस्लॉप माहीत तो कॉलेजच्या नावापुरता. त्यांनी असे दगड जमवले होते का? ते आज कुठे आहेत?

जुना मास्तर:
चिठ्ठी वाचून गलबललो. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी, 1845 मध्ये नागपुरात आले. शाळा चालवायची, गोंडांची भाषा आणि गाणी टिपायची, उरलेल्या वेळात दगड. 1851 मध्ये रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांना नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये दबलेला जुन्या तळ्याचा गाळ सापडला. त्यात गोगलगायी, किडे, फळं, बिया! ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. तुमची पानं त्याहून कितीतरी जुनी, जवळजवळ पंचवीस कोटी वर्षांची: ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची. सिलेवाडा, कामठी, भरतवाडा या नागपूरजवळच्या गावांतली अशी पानं त्यांनी इंग्लंडला पाठवली. जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक चार्ल्स बनबरींनी 1861 मध्ये त्यांचं वर्णन छापलं आणि एका पानाला हिस्लॉपांचं नाव दिलं. हिस्लॉपांचे नमुने आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.

हिस्लॉपांना या पानांचे खडक ज्युरासिक, म्हणजे डायनासोरांच्या काळातले, खऱ्यापेक्षा कमी जुने वाटत होते. तो अंदाज चुकला. पण कुठला दगड कुठल्या गावचा, हे त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांना ती चूक दुरुस्त करता आली. मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, वर्गात ही गोष्ट दर वर्षी सांगायचो.

4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची शिळावर्तुळं (प्राचीन काळी गोलात मांडलेले दगड) पाहून परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात वाहून गेले. वय 45.

मधुमालती:
ताई, दगड धुऊ नका, व्हार्निश तर मुळीच नको. प्रत्येकाला नंबर द्या, तोच नंबर वहीत लिहा. आणि वर्तमानपत्रं जपून ठेवा! तारखेवरून बाबांनी दगड केव्हा गुंडाळले त्याचा अंदाज येईल.

कन्हानकाठ:
चार कागद मी परवाच फेकले, फार वाईट वाटतंय. उरलेले आत्ता उलगडले. सगळे 1968 चे, ऑक्टोबरचे. आई म्हणते, दसरा-दिवाळीच्या सुट्टीत बाबा सायकलला पिशवी अडकवून पहाटेच निघायचे, तिला वाटायचं नदीवर पोहायला जातात. चिठ्ठीवाला दगड कुठल्या कागदात होता ते आठवतंय, त्याला 1 नंबर दिला.

जुना मास्तर:
त्या चार दगडांपुढे ‘कागद हरवला’ असं वहीत स्पष्ट लिहा. 1 नंबरचा फोटो टाकाल का? शेजारी पट्टी ठेवून.