पायदुखी: तुमचे अनुभव लिहा

गवतीचहा:
काल टीव्हीवर माउलींची पालखी दिवे घाट चढताना पाहिली आणि आजी आठवली. रात्री जेवणं आटोपली की म्हणायची, "जरा पोटऱ्यांवर उभी राहा गं." आम्ही नातवंडं भिंत धरून तिच्या पायांवर चालायचो. "वाताचं दुखणं" यापलीकडे कुणी काही विचारलं नाही. आता माझी कळ खुब्यातून निघून मांडीमागून थेट अंगठ्यापर्यंत जाते. कमरेच्या मणक्यांतली, एल४-एल५ मधली गादी सरकलीये. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नको, बहुतेकांचं ६ ते १२ आठवड्यांत निवळतं. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चाला. ऑपरेशनशिवाय तुम्ही काय काय केलंत?

तिसरी_पायरी:
टाच!! सकाळी पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखं. थोडं चाललं की गायब. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं म्हणून सगळे घाबरवत होते. फिजिओ म्हणाली, न दुखणाऱ्यांच्या टाचेतही ते सापडतं, दुखतोय तो तळव्याचा पडदा. पोटरी ताणायची, गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवायची, फरशीवर अनवाणी नाही. महिने लागतात, कंटाळा येतो.

मठ्ठा_जिलबी:
घरात चप्पल? आमच्या सासूबाई इथे नाहीत ते बरंय 😀

तिसरी_पायरी:
देवघरापाशी काढते हो!

डबलबेल:
कंडक्टरकी केली आयुष्यभर. शिरा निळ्या, फुगलेल्या, संध्याकाळी पाय जड. ते घट्ट मोजे सकाळी उठल्या उठल्या चढवायचे, सूज यायच्या आत. मे महिन्यात जीव जातो. उभं राहावं लागतं त्यांनी टाचा वर-खाली करत राहा, पोटरीच रक्त वर ढकलते. रात्री पाय उशीवर.

नमूताई:
कुकर लावलाय, घाईत लिहिते. चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबलं की लगेच बरं वाटतं? तेल चोळत बसू नका, पायाच्या रक्तवाहिन्या तपासा. काकांचं तेच निघालं. तंबाखू सोडायला लावली. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, रोज. आता बाजारात एकटे जातात. आणि एकच पोटरी अचानक सुजून गरम लागली तर चोळायची नाहीच, त्याच दिवशी डॉक्टर.

गवतीचहा:
+१. मलाही बजावलंय, लघवीवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर वाट न बघता दवाखाना.

पुणे_५२:
रात्री वांब येतात त्यांनी काय करायचं? अर्ध्या झोपेत नाचावं लागतं.

मठ्ठा_जिलबी:
गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढा. केळी खा म्हणतात. मी खातो, वांबही येतात.

नमूताई:
केळ्यांवरून आठवलं, सुकेळी कुठे मिळतील? लेक मागतेय.

डबलबेल:
आगाशीला बघा. वसईकर कुणी असेल तर सांगेल.