मदत हवी आहे: अल्ट्रासॉनिक टेस्टिंगचा पल्सर, पातळ प्लेटचा एकोच दिसत नाही

नमस्कार मंडळी,

स्टीलची जाडी मोजायला ५ मेगाहर्ट्झचा सिंगल क्रिस्टल प्रोब (पाठवणारा आणि ऐकणारा क्रिस्टल एकच) वापरतोय. पल्सर, म्हणजे प्रोबला विजेचा झटका देणारं सर्किट, घरीच जुळवलाय. १ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर २२ किलोओहममधून ४०० व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) तो प्रोबवर रिकामा करतो, म्हणजे नेहमीचा निगेटिव्ह स्पाइक. पीआरएफ (सेकंदाला किती पल्स) १ किलोहर्ट्झ, त्यामुळे चार्जिंगला वेळ भरपूर मिळतो. तिथे गडबड नाही.

२५ मिमीच्या ब्लॉकचा बॅकवॉल एको (मागच्या पृष्ठभागावरून परतलेला ध्वनी) साडेआठ मायक्रोसेकंदांवर खणखणीत येतो. १० मिमीच्या प्लेटचा ३.४ च्या आसपास यायला हवा, पण तोवर पडद्यावर मेन बँगच (पाठवलेल्या पल्सचाच सिग्नल) बसलेला असतो. साडेचार मायक्रोसेकंदांपर्यंत लाइन वरच चिकटलेली! म्हणजे वरचे साधारण १३ मिमी आंधळे.

डॅम्पिंग रेझिस्टर (पल्सनंतरची थरथर शमवणारा) ४७० वरून ५० ओहम केला. शेपूट किंचित आखडलं, पण एकोही निम्म्यावर आला. रिसीव्हरला डायोडचा लिमिटर (जास्तीचा व्होल्टेज अडवणारा) आहे, पुढे ४० डीबीचा एकच अँप्लिफायर. स्पाइक सोडून १०० नॅनोसेकंदांचा स्क्वेअर पल्स देणारा हाफ ब्रिज (दोन स्विचांची जोडी) करावा का?

प्रतिसाद १

पल्सरला तूर्त हात लावू नका. १०० नॅनोसेकंद हा ५ मेगाहर्ट्झचा अर्धा पिरियड, त्यामुळे स्क्वेअर पल्सने एको उंच होईल. डेड झोन (वरचा आंधळा भाग) मात्र जिथल्या तिथे राहील.

आधी प्रोब काढून त्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर लावा. तरीही लाइन चिकटून राहिली तर प्रोब निर्दोष, दोष रिसीव्हरचा. मला तोच संशय आहे. साधे डायोड ०.७ व्होल्टला थांबवतात. ४० डीबी म्हणजे त्याची १०० पट, म्हणजे ७० व्होल्ट. अँप्लिफायर पार आडवा होतो आणि उठायला वेळ घेतो. शॉट्की डायोड (आणखी कमी व्होल्टला थांबवणारे) लावा, गेन २०-२० डीबीच्या दोन टप्प्यांत वाटा आणि मधे पुन्हा क्लॅम्प (तसाच लिमिटर) द्या. ओव्हरलोडमधून चटकन सावरणारा अँप्लिफायर निवडा, नुसती बँडविड्थ बघून घेऊ नका.

आणि हो, पल्स बघताना स्कोपला १००:१ ची लीड लावा. साध्या लीडवर छापलेला व्होल्टेज वरच्या फ्रिक्वेन्सीला लागू होत नाही.

धागाकर्ता

रेझिस्टर लावून पाहिला, लाइन तशीच चिकटते. म्हणजे रिसीव्हरच. शॉट्की आणि दोन टप्प्यांचं करून बघतो. पण पुढे ३-४ मिमीची प्लेटही मोजायची आहे, तिथे सिंगल क्रिस्टल पुरेल का?

प्रतिसाद १

नाही. ३ मिमीचा एको १ मायक्रोसेकंदावरच येतो. तिथे सरळ ड्युअल प्रोब घ्या. पाठवणारा क्रिस्टल वेगळा, ऐकणारा वेगळा.