जमीन सांगली जिल्ह्यात, आदेश मंत्रालयातला: रिट कोल्हापूरला की मुंबईला?

प्रश्न – कृष्णाकाठ
मिरज तालुक्यातल्या शेतजमिनीच्या फेरफाराचा (सातबाऱ्यावरच्या नोंदबदलाचा) वाद आहे. प्रांत, अपर जिल्हाधिकारी, अपर आयुक्त असं करत शेवटी महसूल मंत्र्यांपुढे पुनरीक्षण झालं आणि आदेश विरोधात गेला. उच्च न्यायालयात रिट याचिका करायची आहे. आदेश मुंबईत झाला, मग याचिका मुंबईतच लावावी लागेल का? दुसरं, विरुद्ध बाजू कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल दाखवते, आमच्याकडे नागपूर खंडपीठाचा आहे. नागपूरचा निकाल कोल्हापूरला चालतो का? आणि याचिकेवर राज्यघटनेचं कलम २२६ (रिट काढण्याचा अधिकार) लिहायचं की २२७ (खालच्या न्यायालयांवर देखरेख)?

उत्तर – वकिली कट्टा
कोल्हापूरला लावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी राज्य पुनर्रचना अधिनियम १९५६ च्या कलम ५१(३) खाली अधिसूचना काढली आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी तिथे सर्किट बेंच (उच्च न्यायालयाचं फिरतं पीठ) सुरू झालं. जमीन, फेरफार आणि पहिला आदेश सगळं मिरजेचं आहे. मंत्र्यांनी सही मुंबईत केली म्हणून वाद मुंबईचा होत नाही. मराठवाड्यातल्या जमिनीवरचे मंत्र्यांचे आदेश औरंगाबाद खंडपीठापुढेच जातात, तसंच हे. मुंबईत दाखल केलीत तर रजिस्ट्री (न्यायालयाचं दाखल-कार्यालय) आक्षेप काढेल आणि तेवढे दिवस स्थगितीविना जातील.

याच कलम ५१(३) खाली १९८१ मध्ये औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले तेव्हा त्याला आव्हान दिलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नारायण शामराव पुराणिक प्रकरणात मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला.

उत्तर – निकालवाचक
नागपूरच्या निकालाबाबत मुळात शब्दाचा घोळ आहे. ‘नागपूर खंडपीठ’ म्हणतो तेव्हा अर्थ बसण्याची जागा. ‘खंडपीठाने निकाल दिला’ म्हणतो तेव्हा अर्थ दोन न्यायमूर्ती. निकालाचं वजन दुसऱ्या अर्थावर ठरतं. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा, कोल्हापूर ही पाच न्यायालयं नाहीत, १८६२ पासूनचं एकच मुंबई उच्च न्यायालय आहे. तेव्हा पहिल्या पानावर किती न्यायमूर्तींची नावं आहेत ते बघा. दोन असतील तर कोल्हापूरच्या एकल न्यायमूर्तींवर तो निकाल बंधनकारक. एकच असेल तर समान दर्जाचा. न पटल्यास त्यांनी वेगळा निकाल देऊन मोकळं व्हायचं नसतं, प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवायचं असतं.

कर्नाटकचा निकाल इथे फक्त मार्गदर्शक. एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नसतो हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९३ च्या ठाणे इलेक्ट्रिसिटी प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. देशभर बांधतो तो सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा, राज्यघटनेचं कलम १४१. शिवाय तो निकाल कर्नाटकच्या जमीन महसूल कायद्यावर असेल तर आपल्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं कलम शब्दशः तसंच आहे का, हे आधी ताडून बघा. बहुतेकदा युक्तिवाद तिथेच संपतो.

उत्तर – वकिली कट्टा
२२६ की २२७: मंत्री इथे अर्धन्यायिक अधिकारी म्हणून (न्यायालयासारखे दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायला) बसतात, म्हणून शीर्षकात दोन्ही कलमं लिहा. आदेश दिवाणी न्यायालयाचा असता तर फक्त २२७ (राधेश्याम वि. छबिनाथ, २०१५). एक लक्षात ठेवा, इथे पुरावा नव्याने तोलला जात नाही. नोटीस न देता आदेश, अधिकारक्षेत्राबाहेरचा आदेश, महत्त्वाचा दस्त विचारातच न घेणं, असे मुद्दे वर आणा. ‘मंत्र्यांचा निष्कर्ष चुकला’ एवढ्यावर रिट टिकत नाही.

याचिकेसोबत मंत्र्यांच्या आदेशाची प्रमाणित प्रत, खालचे सगळे आदेश, वादातली फेरफार नोंद, सातबारा, तारखांचा गोषवारा, आणि याच विषयावर इथे किंवा सर्वोच्च न्यायालयात दुसरी याचिका नसल्याचं कथन. न्यायालयाची भाषा इंग्रजी (कलम ३४८), त्यामुळे मराठी कागदांची भाषांतरं तयार ठेवा. मंत्र्यांपुढे असलेला प्रत्येक पक्षकार प्रतिवादी हवा. अशा याचिका सगळ्यात जास्त अडकतात त्या इथे: मधल्या काळात कुणी वारलेलं असतं आणि वारस जोडलेले नसतात. शासनाची प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात द्या.

रिटला ठरावीक मुदत नाही, पण म्हणून सहा महिने बसू नका. आदेशाची नोंद सातबाऱ्यावर चढली आणि जमीन विकली गेली की स्थगितीला अर्थ उरत नाही. अंतरिम स्थगितीची विनंती पहिल्याच दिवशी करा.

उत्तर – सातबारा
एक राहिलं. फेरफाराने मालकी ठरत नाही, तो महसुलासाठीचा कागद आहे. वाटणी झाली की नाही, खरेदीखत खरं की खोटं, असा मूळ वाद असेल तर रिट जिंकूनही हक्क सिद्ध होणार नाही. त्यासाठी दिवाणी दावाच लागतो, आणि त्याला मुदत कायद्याची मुदत आहे. महसुली अपिलांत गेलेली वर्षं त्यातून आपोआप वजा होत नाहीत. विरुद्ध बाजूने तुमचा हक्क लेखी नाकारल्याची पहिली तारीख कोणती, ते आजच कागदांत शोधा.

कृष्णाकाठ
नागपूरच्या निकालावर दोन न्यायमूर्तींची नावं आहेत. वारसांचा मुद्दा मात्र लागू पडतो, एक प्रतिवादी गेल्या वर्षी वारले आहेत. नावं जोडून कोल्हापूरलाच दाखल करतो. दिवाणी दाव्याची तारीखही काढायला घेतली आहे.