स्मोकी पर्वतातील ओढ्याकाठी सॅलॅमँडर आणि साप कसे पाहावेत?

प्रश्न: जूनमध्ये आम्ही अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वत राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. ओढ्यातले दगड उलटून सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे उभयचर प्राणी) शोधले तर चालेल का? सापांची भीती कितपत बाळगावी?

उत्तर: दगडांना मुळीच हात लावू नये, तेथे ते हलवणे बेकायदा आहे, कारण हेलबेंडर हा मोठा सॅलॅमँडर त्यांच्याचखाली अंडी घालतो. पाऊस पडून गेल्यावर रात्री विजेरीच्या उजेडात शेवाळलेले काठ न्याहाळावेत. तेथील बहुतेक सॅलॅमँडरांना फुप्फुसेच नसतात आणि ते ओलसर त्वचेतून श्वास घेतात, म्हणून त्यांनाही हाताळू नये.

दुसरे उत्तर: विषारी साप दोनच, कॉपरहेड आणि टिंबर रॅटलस्नेक. बिचाऱ्या पाणसापाला लोक उगाच कॉपरहेड समजतात. वास्तविक कॉपरहेडचे पट्टे पाठीवर अरुंद आणि कुशीकडे रुंद असतात, पाणसापाचे नेमके उलटे.